उभ्यानं जेवायची टेबलं

एका सोमवारी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमधली बाकडी गायब झाली. त्यांच्या जागी छातीपर्यंत येणारी गोल टेबलं होती. भिंतीवर नोटीस लागली होती: महिनाभर प्रयोग म्हणून जेवण उभ्यानं, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटं.

ही कल्पना मशिनं बसवायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरची. तिकडं युरोपात, त्याच्या देशात, झटपट खाण्याच्या दुकानांची एक साखळी होती. गावोगाव तीच पाटी, तोच पाव, पावात तीच खिम्याची टिक्की. वेटर नाही, खुर्ची नाही. या दुकानांच्या इतिहासाचं रंगीत पुस्तक त्यानं मॅनेजरसाहेबांना दाखवलं आणि साहेब भाळले.

युनियनचे सेक्रेटरी मला म्हणाले, "पत्रक तू लिही. त्या दुकानांचा सगळा इतिहास उघडा पाड. शुक्रवारी गेटवर वाटायचंय. अर्धा तास गेला तर परत मिळणार नाही, लक्षात ठेव."

मी बावीस वर्षांचा, टर्निंग खात्यात लेथवर होतो. अक्षरओळख घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकांवरून झालेली. त्यामुळे शत्रू कोण, हे मला लिहायला बसायच्या आधीच माहीत असायचं.

पुस्तक मागितलं तर इंजिनिअरनं आनंदानं दिलं आणि शेजारी बसून समजावलंही. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. पहिल्या पानावर एक बाई हातगाडीपाशी उभी होती. तिचा नवरा गोदीत अपघातात गेला, तेव्हा तिनं गोदीच्या फाटकाबाहेर गरम पाव विकायला सुरुवात केली. मळक्या कपड्यांच्या हमालांना शहरातली हॉटेलं बसू देत नसत, म्हणून ते गाडीपाशी उभ्यानं खात. संपाच्या दिवसांत ती उधारीवर खाऊ घालायची.

मी वहीत आधीच लिहून ठेवलेलं खोडलं. ही तर आपलीच बाई!

पुढच्या पानांवर तिचा मुलगा, मोठे रस्ते, चकचकीत दुकानं. पुस्तक मिटताना इंजिनिअर सहज म्हणाला, "माझी बहीण तिथंच काम करते. आठ तास उभी. बसलेली दिसली तर घरी पाठवतात." ते मी लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. मग पहिल्या पानाचं काय करायचं, ते कळेना.

तरी बुधवारी पहिलं वाक्य जमलं. आमच्याच कंपनीच्या फौंड्रीत काम करणाऱ्या माझ्या बापाला मी ते वाचून दाखवलं: "आम्ही काय जनावरं आहोत, उभ्यानं खायला?"

"जनावर निवांत बसून रवंथ करतं रे," बाप म्हणाला. "उभ्यानं आम्ही खायचो. गावात लग्नाला, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर, मांडवाबाहेर."

"म्हणजे तुमचाही टेबलांना विरोधच ना?"

"छे. टेबल झकास आहे. गोल आहे. त्याला खालचं टोक नाही."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाकड्यांवर जो तो आपापल्या गावभावकीत बसायचा, आणि आमचं बाकडं ठरलेलं होतं, हात धुवायच्या नळापाशी. आता पंधरा मिनिटांत जागा मिळेल तिथं उभं राहावं लागे. चाकणकडच्या शेतकरी घरातला एक ड्रिलिंगवाला होता. त्यानं आमच्या डब्याकडं कधी पाहिलंही नव्हतं. गुरुवारी तो समोर येऊन उभा राहिला, बुक्कीनं कांदा फोडला आणि अर्धा बापापुढं सरकवला.

"घ्या की दादा, घरचा हाय. आन् ती चटणी द्या जरा. एवढ्या घाईत कुनाची भाकर कुनाच्या तोंडात जातीय, काय कळंना झालंय!"

टेबल हसलं. बापही.

त्या संध्याकाळी मी पत्रक छापायची सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापली. जनावरांचं वाक्य नव्हतं, इतिहास नव्हता. दोनच मागण्या होत्या: टेबलं राहू द्या. अर्ध्या तासाला हात लावू नका.

सेक्रेटरी भडकले. "टेबलं राहू द्या? हे पत्रक आपलं की मॅनेजरचं? आणि इतिहास कुठंय?"

"वाचला. पण तो आपला की त्यांचा, ते कळलं नाही."

"तुला कळायची वाट बघू का आता?"

पण दुसरी स्टेन्सिल कापायला वेळ नव्हता. तेच छापलं, तेच वाटलं. साहेबांनी दोन्ही मागण्या लगेच मान्य केल्या, त्यामुळे सेक्रेटरींचा संशय आणखी वाढला. मी मात्र जिंकलो होतो.

पुढच्या सोमवारी अर्धा तास परत मिळाला. ड्रिलिंगवाला डबा घेऊन टेबलांपाशी न थांबता सरळ बाहेर गेला. लिंबाखाली त्याच्या गावच्यांनी पोतं अंथरलं होतं. आता बसून जेवायला वेळ होता ना! मांडी घालता घालता त्यानं हाक मारली, "ओ दादा! पोराला घिऊन इकडं या की. सरका रं जरा!"

पोत्यावरचे सरकले. एक जण जरा उशिरा सरकला.

बाप टेबलापाशीच भाकरी मोडत म्हणाला, "तू जा. मी इथंच बरा. इथं माझ्यासाठी कुणाला सरकावं लागत नाही."

मी डबा घेऊन दारात उभा होतो. भोंग्याला अजून वीस मिनिटं होती.