आक्का आणि आभाळातल्या पांढऱ्या रेघा

दाजींचा फोन आला तेव्हा मी कराडला, शाळेत, नववीच्या वर्गावर होतो. "विजू, तुझी आक्का गेली रं," एवढंच बोलले. मागं दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते, ते ऐकू येत राहिलं... फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. मलाही सुचलं नाही.

सुनंदाआक्का माझी थोरली बहीण. आष्ट्याला दिलेली. गल्लीभर ऐकू जाईल असं हसायची, उन्हाळ्यात शेजारणींना गोळा करून गच्चीवर सांडगे घालायची. एकुलती एक लेक प्राजू बारावीत असताना रक्ताच्या कर्करोगानं गेली. सांगलीच्या डॉक्टरांना आक्का पुन्हा पुन्हा विचारत होती, "पण झालं कशानं?" त्यांनी खरं ते सांगितलं, की बहुतेकदा कारण सापडत नाही. ते ऐकून ती घरी आली आणि कारण शोधत बसली.

ते तिला मोबाईलवर सापडलं. विमानामागं उमटणारी पांढरी रेघ म्हणजे वरून फवारलेलं विष, त्यानंच पाऊस पळतो आणि त्यानंच माणसं मरतात, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. आमच्याकडं द्राक्षबागांवर औषध मारताना सगळ्यांनीच बघितलेलं. तिला ते लगेच पटलं. प्राजू गच्चीवर अभ्यासाला बसायची, हेही त्यात जोडलं गेलं.

मी विज्ञानाचा मास्तर. थंडीतल्या एका सकाळी तिला गच्चीवर नेलं, तोंडातून वाफ सोडून दाखवली. म्हटलं, "आक्का, इंजिनात इंधन जळतं, त्यातून वाफ निघते. एवढ्या उंचावर ती गोठते, तिचे बर्फाचे बारीक कण होतात. तीच ही रेघ."

"मग एकाची रेघ लगेच जाती, आन् दुसऱ्याची आभाळभर पसरती, ती का?"

"वरची हवा कोरडी असली की कण लगेच विरतात. दमट असली की टिकतात, पसरतात. विमानं वेगवेगळ्या उंचीवरनं जातात, हवा सगळीकडं सारखी नसते."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझा हात घट्ट धरला. "बरं, तुझं खरं. मग माझी पोर कशानं गेली ते सांग की..."



पुढं ती बाहेर पडायचीच थांबली. आधीचा दमा वाढला. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत बसा, घर हवेशीर ठेवा. ती मान डोलवायची आणि घरी येऊन दारं लावून घ्यायची. भिंतींना ओल आली, बुरशी आली. दाजी चिडले, रडले, एकदा तिच्या पायाही पडले. "तुमाला एक लेक घालवून पुरं न्हाई व्हय?" म्हणाली.

शेवटची भेट सांगलीच्या दवाखान्यात. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. मला खूण करून जवळ बोलावलं आणि मास्क जरासा उचलून म्हणाली, "विजू, ही हवा तरी चांगली हाय का रं?"

"हाय आक्का. एकदम शुद्ध हाय."

"तू बघितलीस?"

"बघितली."

तिनं मास्क पुन्हा नीट बसवला आणि खोल श्वास घ्यायला लागली. छातीत जाईल तेवढा... फार जात नव्हता.

ती गेल्यावर महिन्यानं मी आष्ट्याला गेलो. दाजी म्हणाले, तिची खोली जरा उघडू या. आत कुबट अंधार. खिडकीच्या फटींवर तिनं खाकी चिकटपट्टी लावलेली, एकावर एक, हवेला वाटच राहू नये अशी. एका कोपऱ्यातनं मी नखानं उचकटायला सुरुवात केली. रंगाचे पापुद्रे निघाले. वीतभर पट्टी सुटली तशी बाहेरची हवा आत आली. दाजींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे विजू... तिनं लावल्याली हाय."

सुटलेली पट्टी त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवली. ती चिकटेना. तरी ते दाबतच राहिले.