डाव्या हाताची सही

तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. सकाळी आईचा गुडघा दाखवायला संगमनेरला हाडांच्या दवाखान्यात गेले होते. शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये.

त्यांनी एक कागद पुढे केला. "ताई, एवढं वाचून सांगता का? मला नुसती सही येती."

त्यात लिहिलं होतं, 'घरी चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात हात गेला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

"घरी झालं का हे?"

"न्हाई वो. प्लास्टिकच्या कारखान्यात, मशिनीत गेला. सुपरवायझरनं दिलाय कागद. भाईर उभा हाय त्यो."

मी म्हटलं, सही केलीत तर नंतर भरपाई मागणं अवघड होईल. कोर्टात मोफत वकील मिळतो, मी सोबत येते.

त्या म्हणाल्या, "माझी पोरगी पन तिथंच कामाला हाय. तिला काढून टाकतील."

मग त्यांनी पेन मागितलं आणि मी दिलं. डाव्या हातानं, एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली.

घरी आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मी पेन द्यायला नाही म्हणाले असते, तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून घेतलं असतं. तरी ते माझंच होतं. तुम्ही दिलं असतं का?