पुसलेला पैलवान

वाघानं पैलवानाची मुंडी जबड्यात धरली आणि मी खुर्चीवरून ताडकन उठलो. "थांबवा, थांबवा!"

"बसा साहेब. चित्र हाय त्ये," मशीनचं हँडल सोडत उस्मानभाई म्हणाले. तंबू त्यांचा, खेळही त्यांचा.

चित्रच होतं. त्या काळी, आमच्या संस्थानच्या छत्रपती महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीला, सिनेमा मुका होता आणि आमच्याकडे तो तंबूत दिसायचा. ही विलायती फिल्म मात्र निराळी. हिच्यात नटच नव्हते. हातानं काढलेली चित्रं एकामागून एक पळायची आणि रेषांचा पैलवान रेषांच्या वाघाशी झुंजायचा. सुरुवातीला चित्रकाराचा खराखुरा हात येऊन तो पैलवान काढायचा.

मी दरबारच्या शाळाखात्यात शाळा तपासणारा डेप्युटी होतो. "डिपोटी आला" म्हटलं की मास्तर टोप्या सावरायचे. बावड्याच्या शाळेनं सगळ्या पोरांना ही फिल्म दाखवायची परमिशन मागितली होती. मोठ्यांचा प्रश्न नव्हता, बिगारीचा होता. बिगारी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली. आमचे साहेब म्हणाले होते, "पोरं झोपेत दचकायला लागली तर आया तुमच्या दारात येतील. जपून रिपोर्ट लिहा."

मी 'लहानांस अयोग्य' असं लिहायला घेतलं. उस्मानभाईंचा चेहरा उतरला.

"सरकारी कागदावर तसं आलं की गाव म्हणंल, ह्येच्या तंबूतच खोट हाय. मोठी पोरं बी येणार न्हाईत, मला तंबू गुंडाळाय लागंल. एकदा बारक्यास्नी दावून तर बघा की!"

म्हणणं रास्त होतं. भ्यायलो होतो मी आणि लिहीत होतो पोरांच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर बिगारीतली बारा पोरं घेऊन आले. मी पडद्याकडे पाठ करून बसलो. इन्स्पेक्शन पोरांच्या तोंडांचं करायचं होतं. उस्मानभाई हँडल फिरवत मोठ्यानं गोष्ट सांगत होते, त्यामुळे मागं काय चाललंय ते कळत होतं.

वाघ आला. मी जीव मुठीत धरला. पोरं पुढं सरकली. "ढाक लाव, ढाक!" "आरं, पट काड त्येचा!" मुंडी जबड्यात गेली तेव्हा ती सोडवायची कशी, हे एक जण शेजारच्याच्या मानेवर दाखवू लागला. शेवटी उस्मानभाईंनी "जितला!" म्हणून आरोळी ठोकली आणि तंबूत दंगाच झाला.

"पाठ कुठं लागली वाघाची? योकच खांदा टेकलाय!"

तालमींच्या गावातली पोरं ती. दोन्ही खांदे मातीला लागल्याशिवाय त्यांना निकाल मान्य नव्हता.

मी मनात 'योग्य' लिहूनही टाकलं. तेवढ्यात बाराच्या बारा पोरांनी भोकाड पसरलं. वळून पाहतो तर चित्रकाराचा हात परत आला होता आणि फडक्यानं पैलवान पुसत होता. आधी पाय, मग छाती, शेवटी मिशा. पडदा कोरा. काल मी वाघापाशीच थांबवलं होतं, त्यामुळे हा शेवट मलाही नवा होता.

"संपला माझा ख्योळ," उस्मानभाई पुटपुटले.

मास्तर समजूत घालून थकले. तेव्हा तानी नावाची एक पोर परकराला नाक पुसत उठली.

"मास्तर, पाटीवरचं पुसल्यावर तुमी काय म्हंता?"

"काय म्हणतो?"

"पुन्यांदा काड म्हंता. मग ह्येस्नी बी सांगा की!"

उस्मानभाईंनी झटपट सुरुवातीचा तुकडा पुन्हा मशीनवर चढवला. हात आला. मिशा उमटल्या, छाती आली, पाय आले. पैलवानानं शड्डू ठोकला आणि पोरांनी असा गिल्ला केला की कनाती हलल्या. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू?

रिपोर्टात मी लिहिलं, 'बिगारीस योग्य. अट एकच, शेवटी पैलवान पुन्हा काढून दाखवावा.'

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि वाघाचं काय?"

"वाघाबद्दल तक्रार आहे, साहेब. कुस्ती बरोबरीत सोडवावी, असं पोरांचं म्हणणं आहे."

साहेबांनी हसत सही केली.

पुढं नोकरीभर मुलांसाठी असलं काही पास करताना मी पडद्याकडे पाठ करूनच बसलो. खात्यातले लोक त्याला माझी पद्धत म्हणत. खरं म्हणजे तो वाघ मला अजून बघवत नाही.