वरच्या घराचा मीटर

वरचं घर रिकामं होऊन महिना व्हायला आला, तरी जिन्यात पावलं वाजली की मला अजून तीच वाटते. चार वर्षं ती आमची भाडेकरू होती. मूळची कोल्हापूरकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आली आणि तो वारल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी इथंच राहिली. साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. चामराजपुरमातल्या आमच्या गल्लीत तिचं गिऱ्हाईक चांगलं जमलं होतं, आणि त्यावरच दोघींचं चालायचं. आमचं घराणं जुन्या रंगाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आमची कन्नड मिसळलेली मराठी ऐकून पहिल्या दिवशी ती हसू दाबत होती, ते मी पाहिलं. तरी आपली माणसं म्हणून भाड्याचा कागद काही आम्ही केला नाही.

तिच्या आधीचा भाडेकरू विजेचे पैसे बुडवून गेला होता. त्या रागात मी वरच्या घराला प्रीपेड मीटर बसवून घेतला. सरकारी मीटर एकच, खाली, माझ्या नावावर. वरचा डबा खासगी. तिनं आधी पैसे पाठवायचे, मग मी मोबाइलवरून एक लांबलचक नंबर द्यायचा, तो तिनं डब्यावर दाबायचा, की दिवे चालू. दर मीच ठरवला होता, वायरिंगची झीज धरून सरकारीपेक्षा थोडा वरचढ. उधारी नाही, वाद नाही, म्हणून स्वतःच्या हुशारीवर मी खूष होतो.

पैसे सरत आले की तो डबा पी-पी करायचा. आमच्या हॉलमध्ये ऐकू यायचं. दसऱ्यात तर दर दोन-तीन दिवसांनी. तेव्हा आमच्याकडे इथल्या रीतीनं दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या, बन्नूरकडचे पाहुणे मुक्कामाला, दिवसभर आंघोळी, धुणं, भांडी. आणि तिच्याकडे सणाच्या ब्लाऊजची गर्दी. शिलाई मशीन मध्येच बंद पडायचं. मला वाटायचं, काम जास्त तर वीज जास्त, सरळ हिशेब आहे.

एकदा ती खाली आली. उभ्यानंच म्हणाली, "काका, दोन पंखे, एक मशीन. एवढं जळत नाही हो. एकदा वायरमनला दाखवूया का?"

मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "मीटर काय खोटं बोलतो का? इस्त्री जरा कमी वापरा."

 ती "बरं" म्हणून वर गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मशीनला पायडल जोडून घेतलं. दुपारी पंखा बंद असायचा. मुलगी अभ्यासाला गच्चीच्या सावलीत बसायची. हे सगळं मला दिसत होतं, आणि मी बायकोला सांगायचो, बघ, सवय लागली.

या वर्षी तिनं घर सोडलं. बन्नीमंटपाच्या पलीकडे कुठं तरी स्वस्तात दोन खोल्या मिळाल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या बायका ब्लाऊज घेऊन तिथवर जाणार नव्हत्या, हे तिलाही कळत होतं. जाताना नमस्कार केला, म्हणाली, "मीटरमध्ये थोडे उरलेत, असू द्यात." आम्ही कौतुक केलं, किती साधी बाई.

पंधरवड्यानं एका सकाळी बायको न्हाणीतून ओरडली, "अय्यो, नळाला पाणीच नाही की ओ. सुम्ने उगी बसलात काय, जरा मोटार बघा." बटण दाबलं, मोटार हूं का चूं करेना. मिस्त्री आला, खोलून बघितली, म्हणाला मोटार ठणठणीत आहे, करंटच येत नाही. घरात सगळीकडे दिवे, आणि मोटारीलाच नाही. तो वायर हातानं चाचपत चाचपत जिन्यानं वर गेला. मागून मी, गुडघे सांभाळत. वरच्या बंद दारापाशी वायर त्या डब्यात शिरत होती. डब्यावर शून्य होतं. दोन दिवस तो पी-पी करत होता, पण रिकाम्या घराला वीज कशाला म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

मग मला आठवलं. वरच्या घरात पूर्वी माझा धाकटा भाऊ राहायचा. वाटणीच्या वेळी आमचं तोंडीच ठरलं होतं, पाण्याचं बिल माझं, मोटारचा करंट त्याचा, म्हणून मोटारीची वायर वरच्या घरातून घेतलेली. तो बेंगळूरला गेला. पाण्याचं बिल मी भरत राहिलो, आणि मोटारचं विसरून गेलो. प्रीपेड डबा त्याच वायरींवर बसला. चार वर्षं आमच्या आंघोळी, आमचे पाहुणे, आमचं दसऱ्याचं धुणं तिच्या शिलाईतून चाललं होतं. मला भयंकर लाज वाटली.  आणि त्या दिवशी तोंड धुवायचं म्हणून मला मोबाइलवरून स्वतःलाच नंबर देऊन तो त्या रिकाम्या घराच्या डब्यावर दाबावा लागला.

दुपारी तिला फोन केला. सगळं सांगितलं. मोटारीचे किती नि तिचे किती हे मीटर सांगू शकत नाही, पण अंदाजानं पाठवतो, म्हणालो.

"राहू द्या हो काका," ती म्हणाली. "मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मोटार लागली की आकडे भराभर पडायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते की. तुम्ही इस्त्री कमी करा म्हणालात." मागं मशीनचं पायडल चालूच होतं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, नाही, खरंच नव्हतं माहीत, विसरलो होतो.

"हो का," ती म्हणाली, आणि काकूंची तब्येत कशी आहे ते विचारलं. तिचा विश्वास बसला नव्हता. तिच्या जागी मी असतो, तर माझाही बसला नसता.