पोळ्यापर्यंत टिकणारी चमक

काळी गाडी घेणाऱ्या माणसाला आधी कुणीतरी दोन कानाखाली द्यायला हव्यात, असं माझं इतक्या वर्षांच्या धंद्यातलं स्वच्छ मत आहे. पांढरी गाडी पंधरा दिवस न धुता चालवा, कुणाला पत्ता लागत नाही. काळीवर सकाळी फडका मारा; दुपारी तिच्यावर बोटं, धूळ, पाखरांचे प्रताप, शेजाऱ्याच्या पोरांची नखं, सगळं हजर! त्यात आमच्या गोंदिया भागात राइस मिलांची राखड हवेतून येते आणि नेमकी काळी गाडी शोधून बसते. पण नीट उजळलेल्या काळ्या रंगासारखं दुसरं काही नाही, हेही तितकंच खरं. माझं लग्न त्याच्यावरच अडलं होतं.

१९९९ साली कोहमाऱ्याच्या चौफुलीवर मी रंगाचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार खांब, वर टिनाचं छप्पर आणि मनात येईल तेव्हाच चालणारा एक कॉम्प्रेसर. कामं सगळी ट्रकांची. ट्रकाचं काय, ढाब्यावरून बघताना चमकला की झालं. जवळ जाऊन कोण पाहतो? पुसायला चिंध्या लागायच्या, त्या मी जवळच्या एका शिवणक्लासमधून आणायचो. क्लास चालवणारी पोरगी ठेंगणी होती, तोंडानं मात्र पुरी सहा फूट. पहिल्याच खेपेला मी चिंध्या परत घेऊन गेलो. म्हटलं, यातली खळ गेली नाही, रंगावर ओरखडे पडतात.

"चिंध्या घेऊन जाता का पाहुणचार करू?" ती म्हणाली.

मीही काही कमी नव्हतो. तिथंच पायरीवर चिंध्यांचं गाठोडं आपटून निघून आलो. पण पुढच्या आठवड्यात गेलो तर चिंध्या दोनदा धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या, आणि वर त्यांच्या घड्या घातलेल्या. चिंध्यांच्या कुणी घड्या घालतं का हो? त्या घड्या पाहून मी जो गारद झालो तो कायमचा. हसा, हसून घ्या.

तिचे वडील म्हणजे गुरुजी. जवळच्याच गावातल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, उंच, ताठ, सदा हातात पेपर. घरात बाप-लेक दोघंच. रिटायर झाल्यावर गुरुजींनी हौसेनं एक जुनी काळी गाडी घेतली होती. उन्हात उभी राहून राहून तिचा तवा झालेला. एक दिवस सगळा धीर गोळा करून मी त्यांच्या ओसरीवर गेलो आणि सरळ मुलीला मागणी घातली. गुरुजींनी पेपर खाली केला नाही.

"ट्रक रंगवते त्याले पोरगी देऊ? तुमचा रंग एका पावसात उडते. मानूसबी तसाच निघाला तं?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "गुरुजी, अंगणात उभी आहे ना, ती गाडी द्या माझ्याकडे. तिच्यात पाहून दाढी करसाल!"

आता पेपर खाली आला. "चमक तं तेल लावूनबी येते. पोळ्यापर्यंत टिकली पाहिजे. पोळ्याले बोनटवर हा पेपर धरीन आन बोनटात दिसन ते वाचीन. वाचता आलं तं पुढचं बोलू."

तेव्हा नुकती होळी झाली होती. पोळा म्हणजे मधे सगळा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा! पण तोंडातून शब्द निघून गेला होता. आपलीच करणी.

ट्रक रंगवणाऱ्याला काळी कार उजळणं म्हणजे काय ते पुढच्या बारा दिवसांत मला कळलं. काळा रंग काही लपवत नाही. हाताला घाई झाली की तो लगेच चुगली करतो. आधी पाण्याचा मारा करून धूळ काढली. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला दोन हजार नंबरचा घासायचा बारीक कागद, तोही रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, हलक्या हातानं. इतक्यानं गाडी आणखी पांढुरकी दिसायला लागली. नेमके तेव्हाच गुरुजी बघायला आले. एक फेरी मारली आणि म्हणाले, "कोळसा उगाळावा तितका काळा म्हनतात. तुह्या हाती तं तोबी पांढरा होऊन राहिला." मी घासतच राहिलो. मग रबिंगची पेस्ट, मग पॉलिश, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. जाड नाही, जाड लावला की धूळ चिकटते. सुकू द्यायचा, पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ हात. सगळं सावलीत, सगळं त्या घड्या घातलेल्या चिंध्यांनी. ती मधूनमधून नव्या चिंध्या द्यायला यायची आणि माझं घासणं बघत उभी राहायची. बाराव्या दिवशी गाडी अशी दिसायला लागली की वरचं टिनाचं छप्पर तिच्यात खिळ्यांसकट मोजता यावं. माझं मलाच खरं वाटेना.

गाडी परत देताना मी एका कागदावर नियम लिहून दिले. कोरडा फडका लावायचा नाही. आधी पाणी ओतायचं. वरून खाली धुवायचं. उन्हात धुवायचं नाही. झाडाखाली उभी करायची नाही. गुरुजींनी खिशातला लाल पेन काढला, शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि कागद मला परत दिला. नियम वाचले की नाही, देव जाणे.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी चमक तपासायला त्यांच्या घरी जायचो. चमक कुठं पळून जात होती का? पण तपासायला नको? गुरुजी ओसरीवर पेपर वाचत बसायचे. ती चहा घेऊन यायची. बापासमोर तिच्याकडे सरळ पाहायची माझी छाती नव्हती, म्हणून मी बोनटकडे पाहायचो. बोनटमध्ये ती दिसायची. ती पण तिथंच पाहायची. पूर्ण उन्हाळा आम्ही एकमेकांना असं पाहिलं, आणि गुरुजींना वाटलं की पोरगा कामाचा भलताच पक्का आहे. निदान मला तसं वाटायचं.

पोळ्याच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी निघालो. आईनं पिशवीत नारळ दिला होता. हो म्हणाले तर तिथंच फोड, नाही म्हणाले तर परत आण, चटणी करू, असं तिचं म्हणणं. पाऊस उघडला होता. गावात बैल धुऊन, शिंगं रंगवून तोरणाकडे निघायच्या तयारीत होते. गुरुजी अंगणातच उभे होते. गाडीवर ताडपत्री. एक गोष्ट मला खटकायला हवी होती, पण घाबरलेला असल्यामुळे तेव्हा ध्यानात आली नाही. गुरुजींच्या हातात पेपर नव्हता. हात पाठीमागे बांधलेले.

मी ताडपत्री ओढली.

बोनट पाटीसारखं राखाडी झालं होतं. साध्या डोळ्यांना गोल गोल ओरखडे दिसत होते, भांडं घासल्यावर उमटतात तसे. दोन्ही बाजूंचे दरवाजे तसेच. बारा दिवसांचं काम, पाच महिन्यांची वाट, सगळं मातीत! पोळा, गुरुजी, नारळ, मी सगळं विसरलो आणि अंगण हादरेल असा ओरडलो, "कोण्या गाढवानं हात लावला बे याले?"

माझ्या मागे गुरुजी जरासे खाकरले.

दारातून आवाज आला, "मी."

ती खाली मान घालून उभी होती. म्हणाली, परवा बोनटवर बगळ्यानं घाण केली. पाण्यानं डाग जाईना. आज परीक्षा, म्हणून पाणी भरायच्या पितळी गुंडाला लावतो तशी राखड लावली, भाताच्या तणसाच्या चोयट्यानं घासलं. डाग गेला, पण तेवढी जागा पांढरी पडली. मग एकसारखं दिसावं म्हणून पूर्ण बोनट घासलं. मग बोनट वेगळं दिसायला लागलं, म्हणून दरवाजे.

"तुमी कागदानं घासता, पांढऱ्या पेस्टनं घासता," ती रडायलाच आली होती, "मले वाटलं घासलं का चमकते. तुमी पास व्हावं म्हनून केलो मी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. जन्मात माझ्यासाठी कुणी इतकी मेहनत घेऊन इतकं वाटोळं केलं नव्हतं. पण परीक्षा तर गेली होती. आता गुरुजी म्हणणार, पाहिलं, पोळ्यापर्यंत टिकली नाही; आणि पोरीनं खरं सांगितलं म्हणून बोलणी तिलाच बसणार. मी गाडीकडे वळलो, उगाच काहीतरी करायचं म्हणून. म्हटलं, "चूक माझी आहे गुरुजी. मेणाचा हात पातळ पडला. पावसानं खाल्ला."

असं म्हणत मी छतावर हात ठेवला आणि थांबलो. छतही घासलेलं होतं. पण इथले ओरखडे गोल नव्हते. सरळ होते. वरून खाली, वरून खाली, एका शेजारी एक, कडेपर्यंत. शाळेत फळा पुसतात तसे.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं. छताच्या मध्यापर्यंत तिचा हात सात जन्मात पोचला नसता. मग मी गुरुजींकडे पाहिलं. ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्या तरी बैलजोडीकडे मोठ्या कौतुकानं पाहत होते. पाठीमागे बांधलेल्या हातांच्या नखांत राखड होती.

आणि मी त्यांना गाढव म्हणालो होतो.

मग गुरुजी बैलांकडे पाहतच म्हणाले, "आज पेपर आलाच नाई. सनाची सुट्टी असन." आणि दाराकडे बघून म्हणाले, "चहा ठेव वं. जावयाले अंगनात उभं ठेवतेत का?"

ती आत पळाली. मला पिशवीतला नारळ सापडेना, हातात पिशवी असताना. गुरुजी पायरी चढता चढता थांबले.

"आन ते गाढवाचं," म्हणाले, "मी ध्यानात ठेवीन."

ठेवलं. लग्नात ठेवलं, दिवाळीला ठेवलं, पुढं कुठंही मी चिडलो की ते खाकरायचे आणि मी गप्प व्हायचो. लग्नाआधी मी बोनट आणि दरवाजे पुन्हा उजळून दिले, पहिल्यापेक्षा चांगले. छत राहिलं. गुरुजी आता माझे मामाजी झाले होते, म्हणजे सासरे; दर रविवारी दुकानात येऊन विचारायचे, "छताचं कवा?" मी म्हणायचो, "मामाजी, कोळसा उगाळून काय उपयोग?" असं आमचं आठ-नऊ वर्षं चाललं. मग ते गेले.

गाडी आता माझ्याकडे असते. बोनटमध्ये आजही पेपर वाचता येतो. गिऱ्हाईक येतं, फेरी मारतं आणि विचारतं, एवढा मोठा कारागीर तू, आणि स्वतःच्याच गाडीचं छत असं कायले ठेवलं? मी सांगतो, तिथला रंग पातळ झालाय, पुन्हा घासला तर खालचं अस्तर दिसेल. धंद्यातलं बोलणं आहे, गिऱ्हाईक मान हलवतं. बायको तिथंच शिलाई मशीनवर बसलेली असते. तिला ठाऊक आहे की रंग चांगला जाड आहे, पण ती काही बोलत नाही. गाडी धुवायची असली की मात्र छतावर पाणी तीच ओतते, स्टुलावर चढून.