गॅलरीतला कप

"ती गोष्ट हिला दे. हिची आई हेच काम करायची, हिला बरोबर कळेल."

केतकी माझ्या खुर्चीमागे उभी राहून कामं वाटणाऱ्याला हे म्हणाली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. दोघंतिघं वळून बघायला लागले. कुणी हसलं नाही. हसले असते तर निदान भांडता आलं असतं. ते दयेनं बघत होते. माझे कान तापले आणि मी "हो, पाठव" म्हणून मान खाली घातली.

केतकी आमची टीम लीड. डोंबिवलीची, नीटनेटकी, बोलायला गोड. माझी मुलाखत तिनेच घेतलेली. घरी कोण कोण असतं विचारलं, तेव्हा मी सरळ सांगितलं की वडील नाहीत, आईने लोकांची धुणीभांडी करून शिकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आईंना माझा नमस्कार सांग," म्हणाली. मी कळव्याला घरी येऊन तो सांगितलाही होता. आता कळलं, त्या दिवशी तिने ती माहिती जपून ठेवली होती.

आमचं ऑफिस ठाण्यात. काम असं, की मोबाइलवर गोष्टींचं एक ॲप आहे. त्यातली गोष्ट नुसती वाचायची नाही, खेळायची. मधेच ती थांबते आणि विचारते, आता तू काय करशील? खाली पर्याय येतात. ज्यावर बोट लावाल तिकडे गोष्ट वळते. गोष्टी बाहेरचे लोक लिहितात, कुणीही. त्यात घाण आहे का ते बघायला आम्ही मॉडरेटर बसलेलो. वाचकाची तक्रार आली की गोष्ट आमच्याकडे येते आणि ती पूर्ण खेळावी लागते. पूर्ण म्हणजे सगळ्या वाटांनी. एक जरी पर्याय दाबायचा राहिला तरी निकालाचं बटण उघडत नाही. याच अंगठ्याने मी गोष्टीतल्या सासऱ्यांना विष घातलंय, मैत्रिणींना कड्यावरून ढकललंय. त्याचं कधी काही वाटलं नाही. खोटं ते खोटं, म्हणून घरी येऊन जेवायचे.

ही गोष्ट घोडबंदरच्या एका टॉवरातली. वाचकाने नवी सून व्हायचं. घरात सुमन नावाची बाई कामाला येते, खाडीपलीकडच्या चाळीतून. सासू सुनेला शिकवते, बाईला धाकात कसं ठेवायचं. पहिला प्रसंग चहाचा. एक, आपल्या कपात दे. दोन, चहा देऊच नकोस. तिसऱ्या पर्यायावर हिरा चमकत होता. हिरा म्हणजे त्याला पैसे पडतात. तिचा कप गॅलरीत ठेव.

पहिला दाबला. सासू चिडते, नवरा बोलत नाही, सून हरते. दुसरा दाबला. सुमन काम सोडून जाते, सून हरते. मग तिसरा. तो दाबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुमन गॅलरीत वॉशिंग मशिनच्या आड बसून चहा पिते. कप स्वतः विसळते. उपडा घालते. मागे बासरी वाजते आणि अक्षरं येतात, 'आता तू घराची खरी मालकीण झालीस.' खाली वाचकांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे टाकलेले. एकीने लिहिलं होतं, आमच्या घरी पण सेम.

त्या गॅलरीत मी माझ्याच अंगठ्याने माझ्या आईला बसवलं होतं.

कारण तो कप मला माहीत आहे. निळ्या फुलांचा, दांडी तुटलेला. शाळेला सुट्टी असली की आई मला कामाच्या घरी बरोबर न्यायची. कळव्याहून पूल ओलांडून आम्ही चालत जायचो. मोठी लिफ्ट समोर रिकामी उभी असली तरी सामानाच्या लिफ्टने वर. त्या घरातल्या काकू चांगल्या होत्या असंच आम्ही म्हणायचो. आईला स्वयंपाकघरातच चहा मिळायचा, त्यांच्याच कपात. एकदा काकूंनी मला बिस्किटं दिली आणि लाडात विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात गं पाहुणे आले की? नमस्कारच ना?" मी शहाण्या मुलीसारखं खरं सांगितलं. जय भीम म्हणतात. काकू म्हणाल्या, "अच्छा." त्यानंतरच्या सुट्टीत गेले तर आईसाठी तो वेगळा कप गॅलरीत होता. आईने काही विचारलं नाही. मलाही कधी बोलली नाही. तिथेच बसून आम्ही दोघींनी चहा प्यायला, एकाच कपातून.

तक्रार एकाच मुलीची होती. तिने लिहिलेलं, 'माझी आई असंच काम करते. तिने हे माझ्या फोनवर बघितलं. हे काढा.' बाकी काही नाही.

मी उठून केतकीकडे गेले. म्हटलं, "ही काढायला पाहिजे."

"कुठल्या नियमाखाली? जात लिहिलीय कुठे? दाखव."

जात कुठेच लिहिली नव्हती. आमच्या कपावर तरी कुठे लिहिलेली होती?

मग तिने मला बाजूची खुर्ची दिली. आवाज खाली आणला, माझ्या हातावर हात ठेवला. "हे बघ, ही गोष्ट आत्ता टॉपला आहे. तक्रार रिजेक्ट कर आणि मोकळी हो. तू केलीस ना, की उद्या कुणी आरडाओरडा केला तरी आपण सांगू शकतो, त्यांच्यातल्याच मॉडरेटरने पास केलीय."

हे ती इतक्या आपुलकीने बोलली, जणू मला बढतीच देत होती. तिच्या हाताला क्रीमचा वास होता. त्या वासाची मला शिसारी आली ती अजून गेलेली नाही. म्हणजे मला नोकरी दिली ती याच्यासाठी. माझं इंग्रजी, माझी डिग्री, दोन वर्षं मान मोडून केलेलं काम, सगळं बाजूला. हवं होतं ते माझं आडनाव. आपली घाण झाकायला.

मी हात काढून घेतला. "मी नाही करणार."

"अगं, एक बटण आहे फक्त."

"मग तू दाब."

"माझ्या नावाने कसं चालेल? माझं आडनाव बघून लोक काय म्हणतील?"

बोलून गेली आणि मग तिलाच ऐकू आलं. तिने पाण्याची बाटली उघडली, परत बंद केली. आमच्या नोकरीत याहून खरं वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

मी जागेवर आले. निकालाचं बटण उघडलेलं होतं. तक्रार योग्य, गोष्ट काढावी, असा निकाल दिला. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ही शिवाशिव आहे. तो शब्द त्यांच्या कुठल्याच नियमात नाही. मी टाइप केला, पाठवला आणि डबा खायला गेले.

दुपारी केतकीने तीच गोष्ट पुन्हा तपासायला निलेशला दिली. निलेश माझ्या शेजारी बसतो, बाळकुमचा, मनाने वाईट नाही. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणाला, "मला काय गं, बटणच दाबायचंय." त्याने दाबलं. चहाच्या वेळेपर्यंत गोष्ट परत चालू.

घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"नोकरी जाईल काय गं?"

"जाईल."

तिने एक काडी मोडली. मग म्हणाली, "त्या कपवाल्या बाईने दिवाळीला साडी दिलेली मला. चांगली होती, जरीची. मी एकदा पण नाय नेसली. पायपुसणं केलं."

हे मला माहीत नव्हतं. लहानपणभर मी त्या पायपुसण्यावर पाय पुसलेत. दोघी हसलो, पण हसण्यात मजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला काचेच्या खोलीत बोलावलं. केतकी आणि एचआरचे साहेब. साहेब म्हणाले, "स्वतःहून राजीनामा दिलास तर तुझं रेकॉर्ड स्वच्छ राहील. तुझ्याच भल्याचं आहे." केतकी टेबलाकडे बघत होती.

मी म्हटलं, "मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा. आणि का काढलं ते तुमच्या नावाने लिहून द्या."

"इतकं ताणायची काय गरज आहे?"

"आहे."

माझं लॉगिन त्यांनी बंद केलंय. तरी मी रोज वेळेवर जाते आणि काळ्या स्क्रीनसमोर बसते. निलेश मान वर करत नाही. त्यांना कारण लिहिता येत नाहीये. मी लिहिलेला तो शब्द त्यांना हाताने लिहायची लाज वाटते. गोष्ट अजून चालू आहे. आत्ताही कुणीतरी हिरा देऊन सुमनचा कप गॅलरीत ठेवत असेल. माझ्या आईने तो कप विसळला, कारण मी शिकत होते. आता मी शिकलेय. ते लिहून देईपर्यंत मी या खुर्चीतून उठणार नाही.