शनिवारसाठी घेतलेली गाडी

लातुरात त्या वर्षी नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कधी वीस दिवसांनी यायचं, कधी महिना उलटून जायचा. शेवटी पाणी आगगाडीनं येऊ लागलं आणि टीव्हीवाले गावात मुक्काम ठोकून बसले. आमच्या घराची वाटणी त्याआधीच झाली होती. हे नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि शनिवारी दुपारी गाडी घेऊन घरी यायचे. मार्चमध्ये ते म्हणाले, आईला आणि पोरीला मी तिकडे नेतो, पाणी येईपर्यंत. तिकडेही काही चंगळ नव्हती, पण नळ दिवसाआड तरी यायचा. मी एका शाळेत विज्ञान शिकवते. मला शाळा सोडता येईना, आणि टँकर आला की ड्रम भरायला घरात कुणीतरी लागतंच. तिघं पाण्याकडे गेली आणि मी ड्रमांजवळ राहिले.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. शनिवारी तिघं यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. मी शुक्रवारीच शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवायचे आणि ताटं घासायला पाणी जाऊ नये म्हणून पत्रावळी आणायचे. सोमवार ते शुक्रवार मी बोलायचे ते वर्गातल्या पोरांशी आणि टँकरच्या रांगेत. रांगेतलं बोलणं म्हणजे भांडणच. घरी आल्यावर कधी कधी मी टीव्ही नुसताच लावून ठेवायचे, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

मग एका शनिवारी येताना वाटेत लोह्याजवळ पुढच्या टँकरनं करकचून ब्रेक मारला आणि आमची जुनी गाडी त्याच्या पाठीवर जाऊन आदळली. वेग फार नव्हता. ह्यांना काही झालं नाही. आत्याबाईंनाही काही झालं नाही; सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मागच्या सीटवर आडवी होऊन झोपलेली पोरगी मात्र घसरून पुढच्या सीटवर आपटली आणि तिची हनुवटी फुटली. मला फोन आला तो टाके घालून झाल्यावर. "काही न्हाई गं, जरासं लागलंय. आम्ही इथूनच माघारी चाललोत," हे म्हणाले. मी चौघांची कढी करून बसले होते. ती मी दोन दिवस एकटीनं खाल्ली, आणि दोन्ही दिवस ह्यांच्यावर चिडलेली होते.

पुढच्या शनिवारी गाडी गॅरेजात होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आत्याबाईंचा जीव घाबरत होता. तिसऱ्या शनिवारी कारणही सांगितलं नाही, नुसतं "या वेळी राहू दे". तेव्हा मी ठरवलं की आता नवी गाडी घ्यायची आणि ती मी निवडायची. उगाच आव आणत नाही, मला गाडीची हौस कधीच नव्हती. मला माझी माणसं शनिवारी घरात हवी होती. त्यांची भीती मोडेल अशी गाडी मिळाली तर ती पहिल्यासारखी येतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दरवर्षी मी नववीला जडत्व शिकवते. धावती बस एकदम थांबली की प्रवासी पुढे का फेकला जातो, कारण लिहा. इतकी वर्षं मी त्या उत्तराला बरोबरची खूण करत आले, पण त्या प्रवाशाला हनुवटी असते हे कधी मनात आलं नव्हतं. आता शाळेतून आलं की चहाचा कप घेऊन मी मोबाइलवर गाड्या आपटून बघायच्या चाचण्या पाहत बसायचे. गाडी जाऊन ठोकळ्यावर आदळते, काचा उडतात, आतल्या पुतळ्यांच्या माना हलतात, आणि मग गाडीला पाचापैकी तारे देतात. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दारासमोर उभी असलेली गाडी तिथे चक्क भोपळ्यावर होती. पुढे दोन मोठे पुतळे आणि मागे दोन लहान मुलांचे, असं ते कुटुंब. त्यांच्याकडे बघून मला एकदा हेवा वाटला. निदान चौघं एका गाडीत होती.

घरातल्या प्रत्येकाला गाडीतलं कळत होतं. ह्यांना ॲव्हरेज हवं होतं. पोरीला गाणी लावायला मोठा स्क्रीन हवा होता. आत्याबाईंना गाडी उंच आणि पांढरी हवी होती, कारण पांढऱ्यावर धूळ दिसत नाही आणि धुवायला पाणी कुठंय. त्या उदगीरच्या. उदगीर वेगळा जिल्हा होणार, अशी हवा त्या वर्षी पुन्हा उठली होती. "जरा थांबून घ्या की," त्या फोनवर म्हणाल्या, "आपला जिल्हा झाल्यावर आपल्या गावचा नंबर लागंल गाडीला." मी म्हटलं, आत्याबाई, जिल्हा होईपर्यंत ही पोरगी नातवंडं घेऊन येईल. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचंही वाईट वाटलं, कारण फोनवर बोलणारी माणसं तीनच होती, त्यातलं एक कमी झालं.

लातूरच्या शोरूममध्ये घरातली मी एकटीच गेले, सोबतीला शेजारच्या भाऊजींना घेऊन. भाऊजींनी आत शिरल्या शिरल्या बोटाच्या पेरानं बॉनेट ठोकून पाहिलं, माठ घेताना ठोकतात तसं. "पत्रा पातळ हाय वहिनी. ठोकर बसली की चेपतंय बघा." मी त्यांना समजावलं की गाडीचं नाक चेपायलाच पाहिजे, नाक चेपलं म्हणजे आतलं माणूस चेपत नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू दुष्काळानं हिचं डोकं फिरलंय. सेल्समन ॲव्हरेजवरून सुरुवात करणार तोच मी विचारलं, एअरबॅग किती, मागे मधल्या माणसाला नीट पट्टा आहे का, पाठीमागं डोकं टेकायला आहे का? तो गडबडला. "मॅडम, मागं कोण पट्टा लावतंय?" मग वही काढून म्हणाला, "फॅमिलीत मेंबर किती?" चार, मी म्हटलं. भाऊजी लगेच बोलले, "वहिनी इथं एकट्याच असतात. बाकी सगळे नांदेडला." त्यांनी सहज सांगितलं होतं. मी वहीकडे बघत परत म्हटलं, चार लिहा.

रोज संध्याकाळी फोनवर माझा तास सुरू व्हायचा. समोरून येणारं कुणी काय चूक करेल ते आपल्या हातात नाही, हे मी सांगायचे. पट्टा न लावता एअरबॅग फुटली तर तीच जीवावर उठते. मांडीवर धरलेलं लेकरू आदळताना कुणाच्या हातात राहत नाही. सीटवर ठेवलेला पाण्याचा जार दगडासारखा पुढे येतो. अहमदपूरपर्यंत किती टँकर सुसाट पळून राहिलेत, त्यांच्या टायरांची काय दशा आहे, ते सगळं सांगायचे. हे "हाव, हाव" म्हणत राहायचे. पोरगी मात्र शांतपणे ऐकायची, मध्ये प्रश्न विचारायची. मला बरं वाटायचं. एक तरी विद्यार्थी मन लावून ऐकतोय, असं वाटायचं.

जूनमध्येही पाऊस आला नाही आणि पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. "पाणी येईपर्यंत"चं आता "यंदाचं वर्ष" झालं. गाडी मी ठरवली तीच घेतली, एअरबॅगवाली, मागे तिन्ही जागांना पट्टे असलेली, रंग आत्याबाईंचा. पुढे लोखंडी गार्ड बसवायचं ह्यांच्या मनात होतं, ते मी मोडून काढलं. लातुरात घेऊ, असं मी म्हणत होते, पण ह्यांना रजा नव्हती. ती नांदेडलाच घेतली गेली. कागदांवर पत्ता क्वार्टरचा पडला.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, ती आली. मी सकाळपासून दारात होते. चाकाखाली ठेवायला लिंबं होती, नारळ होता, चाकावर घालायला तांब्याभर पाणी मी ड्रममधून जपून काढलं होतं. गाडी कोपऱ्यावर वळली आणि मला आधी नंबर दिसला. एमएच सव्वीस, म्हणजे नांदेड. आमच्या गल्लीत सगळ्या गाड्या चोवीसच्या. पाहुण्यांची गाडी दारात लागावी तसं मला झालं.

मी मागचं दार उघडलं. आत्याबाई एका खिडकीशी, पोरगी दुसऱ्या, मध्ये माझ्यासाठी आणलेले पाण्याचे दोन जार. सीटवर झुळझुळीत नवी कव्हरं, त्यावर प्लास्टिक तसंच. आणि पट्टा कुणीच लावलेला नव्हता.

"पट्टे कुठंयत?" मी विचारलं.

"खालीच असतील," हे म्हणाले. "कव्हरवाल्यानं आत दाबलेत वाटतं. मागं कोण लावतंय, म्हणला, टोचतात बसायला."

तीन महिने मी ज्या गाडीसाठी डोळे फोडले होते, तिच्या मागचे पट्टे अडकवायची तिन्ही कुलपं त्या कव्हराखाली गाडली गेली होती, आणि त्यावर बसून माझी पोरगी तीन तासांचा रस्ता करून आली होती. माझं डोकंच फिरलं. मी घरातून कात्री आणली. प्लास्टिक फाडलं, कव्हराला चाचपून चाचपून तीन ठिकाणी भोकं पाडली आणि कुलपं वर ओढून काढली.

"अगं काय करून राहिली!" आत्याबाई ओरडल्या. "पूजा न्हाई झाली अजून, नव्या वस्तूला कात्री लावती? लई अपशकुन हाय."

"अपशकुन हिच्या हनुवटीवर आहे," मी म्हटलं.

त्यानंतर नारळ फोडला, पण कुणाचं लक्ष त्यात नव्हतं. जेवताना चौघंही पत्रावळीकडे बघून जेवलो. मला माफी मागायची नव्हती आणि मी मागितलीही नाही. रविवारी निघायच्या वेळी मी स्वतः वाकून आत्याबाईंचा पट्टा लावला, पोरीचा लावला, रिकामे जार डिकीत टाकायला लावले. पट्टे कसे खटकन बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की आता भ्यायचं कारण नाही.

"आता पुढच्या शनिवारी बिनघोर या," मी म्हटलं.

हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. पोरगी म्हणाली, "मम्मी, आम्ही ठरवलंय, आता महिन्यातून एकदाच यायचं. तूच सांगतेस ना, गाडी कितीही चांगली असली तरी समोरचा काय करेल ते आपल्या हातात नसतं. मग जेवढं कमी जायचं तेवढं सेफ."

ती उलट बोलत नव्हती. माझ्यासारखीच, कारण लिहून उत्तर देत होती, आणि उत्तर पूर्ण बरोबर होतं. ह्यांनी हळूच म्हटलं, "पोरीचं खरं हाय बघ." मी तीन महिने रोज संध्याकाळी जे शिकवलं, ते सगळं त्यांना आलं होतं. बरोबर आहे बाळा, मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मीच बसस्टँडवर गेले आणि नांदेडची एसटी पकडली. अहमदपूरपर्यंत उभी होते, दांड्याला धरून. पुढे मागच्या चाकावरची जागा मिळाली. टँकर शेजारून जाताना खिडकीची काच थरथरायची. क्वार्टरवर पोहोचले तेव्हा अंगणात पांढरी गाडी कापडानं झाकून ठेवलेली होती. पोरीनं दार उघडलं, आनंदानं बिलगली. ह्यांनी पाणी दिलं, आत्याबाईंनी चहा टाकला. चटणी आणलीस का, हे म्हणाले.

पुढे दोन वर्षं मी तशीच जात होते. बस नीट होती का, असं त्या घरात मला कुणी कधी विचारलं नाही.